दुसरी नोकरी त्याच शहरात मिळेल का?

नमस्कार,

तुमची मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका छोट्या औद्योगिक शहरातल्या कंपनीने तिला उत्पादन विभागात घ्यायची तयारी दाखवली आहे, पगार महानगरातल्यापेक्षा कमी आहे, आणि ‘तिथे जाऊन ती अडकून तर पडणार नाही ना?’ असं तुम्ही विचारलं आहे. तुमची काळजी रास्त आहे. मात्र शहर किती लहान आहे यापेक्षा, ही नोकरी सुटली तर तिथल्या तिथे दुसरी मिळेल का, हे आधी पाहा.

ते तपासता येतं, आणि तिनेच तपासावं. तिला कामावर घेऊ शकतील अशा तिथल्या पंधरा-वीस कंपन्यांची यादी करायची. प्रत्येकीपुढे लिहायचं: काय बनवते, माल कोणाला विकते, गेल्या सहा महिन्यांत या पदासाठी भरती केली का. यातला ‘कोणाला विकते’ हा रकाना नीट भरा. पंधरांपैकी बारा कंपन्या एकाच मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवत असतील, तर त्या बारा मिळून एकच धरा. त्या कारखान्याच्या ऑर्डरी घटल्या की बाराही ठिकाणी भरती एकदम थांबते. अर्थशास्त्रज्ञ अल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्येच हे मांडलं होतं: एकाच धंद्यावर उभा असलेला भाग मागणी घटली किंवा कच्चा माल तुटला की फार खोल मंदीत जातो, वेगवेगळे धंदे असतील तर एकमेकांना सावरतात.

रोजगाराची आकडेवारी मिळाली तर एक भागाकार करा. शहरातल्या एकूण नोकऱ्यांत त्या उद्योगाचा वाटा समजा 20 टक्के आणि देशात 8 टक्के असेल, तर उत्तर 2.5. उत्तर एकच्या वर जितकं जास्त, तितका तो उद्योग तिथे एकवटलेला. असे दोन-तीन उद्योग असलेलं शहर मी निःशंकपणे सुचवेन. एकच असेल तर तीन वर्षांचा बेत करून जावं आणि त्या काळात दुसऱ्या उद्योगातही चालेल असं काम हाती घ्यावं: गुणवत्ता तपासणी, देखभाल, उत्पादन नियोजन. एकाच कंपनीच्या खास मशीनवर वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला बाहेर किंमत मिळत नाही. अडकणं म्हणतात ते खरं हेच.

पगाराची तुलना हातात येणाऱ्या रकमेवर करा. त्यातून भाडं, रोजचा प्रवास आणि घरी येण्या-जाण्याचा खर्च वजा करून दोन्हीकडे काय उरतं ते पाहा. बहुतेक जण शेवटचा खर्च विसरतात.

ऑफर लेटरमध्ये प्रोबेशन, नोटीस पीरियड, बाँड आणि बदलीची अट वाचल्याशिवाय सही नको. लहान शहरात कंपन्यांचे एचआर एकमेकांना ओळखतात; नोटीस न देता सोडलेली नोकरी पुढच्या मुलाखतीत आडवी येते.

घर विकत घेण्याचा विचार किमान दोन वर्षं नकोच. मंदी आली तर नोकरी आणि घराची किंमत एकाच वेळी जाते. सुरुवातीला सहा महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या.

होकार कळवण्याआधी कामाच्या दिवशी तिथे एक फेरी मारा, तीही दुसरी शिफ्ट सुटण्याच्या वेळी. त्या वेळेला कंपनीची बस आहे का आणि ती घराच्या किती जवळ सोडते, हे तिथे उभं राहूनच कळेल.