मॉलिक्युलरली इम्प्रिंटेड पॉलिमर नेमकं एकच अमिनो ॲसिड कसं काय पकडतो?

साच्यासारखं आहे बघा, एखाद्या रेणूभोवती घडवलेलं प्लास्टिकसारखं द्रव्य. समजा एल-फेनिलॲलनिन हे अमिनो ॲसिड पकडायचंय, तर तो रेणू आधी मेथॅक्रिलिक ॲसिड या मोनोमरबरोबर (पॉलिमर ज्याच्यापासून बनतो तो छोटा रेणू) सॉल्व्हंटमध्ये ठेवायचा, मोनोमर त्याच्याभोवती हायड्रोजन बाँडने जमतात, मग भरपूर क्रॉसलिंकर (पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जोडणारा पदार्थ) घालून सगळं कडक करून टाकायचं. नंतर मेथनॉल आणि ॲसिटिक ॲसिडने धुवून रेणू काढला की मागे त्याच्या मापाची खोबण उरते, आणि नुसतं माप नाही हं, पकडणारे गटही जागच्या जागी असतात. म्हणून डी-फेनिलॲलनिन, म्हणजे त्याचंच आरशातलं रूप, तिथे नीट बसत नाही, उजव्या हाताचा ग्लोव्ह डाव्या हातात घालून बघा म्हणजे कळेल.

खरी गोची पाण्यात होते. पाणी स्वतःच हायड्रोजन बाँड करत सुटतं, त्यामुळे पकड ढिली पडते, आणि दुसरीकडे साधी अमिनो ॲसिडं क्लोरोफॉर्मसारख्या सॉल्व्हंटमध्ये विरघळतच नाहीत. म्हणून बरेचदा त्यांचं ॲनिलाइड वगैरे (अशा सॉल्व्हंटमध्ये विरघळणारं रूप) बनवून घेतात, स्वीडनमधल्या लुंडच्या मोसबाख यांच्या गटाने 1988 मध्ये हेच केलं होतं.

आणि एक, साचा (म्हणजे पकडायचा तो रेणू) न घालता तसाच दुसरा पॉलिमर बनवून त्याच्याशी तुलना केलेली नसेल तर 'सिलेक्टिव्ह' या दाव्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही, कारण नुसत्या पृष्ठभागावरही बरंच काही चिकटतं. धुताना न निघता आत अडकून राहिलेला साचा-रेणूही नंतर हळूहळू झिरपत राहतो आणि मोजमाप बिघडवतो, ती डोकेदुखी वेगळीच.