पिवळ्या गुलाबाचा रंग उडतो, कलम चुकीचे समजावे का?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी ‘ज्युलिया चाइल्ड’ या पिवळ्या फ्लोरिबंडा (घोसाने फुलणाऱ्या) गुलाबाचे कलम आणून पूर्वेकडच्या बाल्कनीत दहा इंची कुंडीत लावले. थंडीत फुले लोण्याच्या रंगाची येतात, एप्रिलमध्ये मात्र दुसऱ्याच दिवशी पांढुरकी पडतात. पावसाळ्यात काळे ठिपके पडून सगळी पाने गळतात. कलम चुकीचे मिळाले का? ते सोसायटीच्या वाफ्यात हलवावे का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : कलम चुकीचे वाटत नाही. अमेरिकेत टॉम कारूथ यांनी तयार केलेल्या आणि २००६ मध्ये तेथील ‘ऑल-अमेरिका रोझ सिलेक्शन्स’चा मान मिळवलेल्या या जातीचा रंग कडक उन्हात फिकटतोच. खात्रीसाठी सकाळी नुकते उमललेले फूल हुंगून पाहावे. ज्येष्ठमध किंवा बडीशेप आठवावी असा वास आला, तर शंका नको. कलमाचा डोळा भरलेल्या जागेच्या खालून फुटलेली फांदी मात्र खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या मुळाकडच्या गुलाबाची, असते आणि ती कात्रीने न कापता बुडापासून ओढून काढावी.

काळ्या ठिपक्याचे मूळ पिवळ्या रंगाच्या वंशातच आहे. आधुनिक गुलाबांत गडद पिवळा रंग आला तो फ्रान्सच्या पेर्ने-दुशे यांनी १९०० मध्ये बाजारात आणलेल्या ‘सोलेय द’ऑर’पासून, त्यासाठी वापरलेल्या पर्शियन पिवळ्या गुलाबाबरोबर या रोगाची संवेदनशीलताही पुढच्या पिढ्यांत उतरली. ‘ज्युलिया चाइल्ड’ त्या मानाने काटक आहे; पण पान सलग सातेक तास ओले राहिले की बुरशीचे बीजाणू रुजतात, आणि पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये पान कोरडे राहते तरी कधी? म्हणून कुंडी भिंतीला न टेकवता वारा लागेल अशी ठेवावी, पाणी सकाळी आणि बुडाशीच द्यावे, गळलेली पाने रोज वेचून कचऱ्यात टाकावीत. ती कुंडीतच कुजू देणे म्हणजे रोगाला घरी ठेवून घेणे.

वाफ्यात हलवण्याची मला तरी गरज दिसत नाही, कारण झाड जेमतेम अडीच-तीन फूट वाढते आणि पूर्वेच्या बाल्कनीत दुपारची सावली मिळत असल्याने रंगही जरा टिकतो. दहा इंची कुंडी मात्र अपुरी आहे. चौदा-सोळा इंची घ्यावी आणि तिच्यात माती, चांगले कुजलेले शेणखत, थोडी निंबोळी पेंड असे मिश्रण भरावे. वाफ्यातच लावायचे असेल, तर दोन झाडांत दोन फूट अंतर हवे.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यास, झाड निम्म्यावर छाटावे. बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या किंचित वर तिरपा काप घ्यावा. सहा-सात आठवड्यांत बहर येतो. घोसातली मधली कळी सर्वांत आधी फुलते आणि बाकीच्या उमलेपर्यंत कोमेजते. ती वाटाण्याएवढी असतानाच चिमटीने खुडली, तर उरलेला घोस जवळजवळ एकदम फुलतो.