अंध विद्यार्थिनीचा मोबाईल माझ्या मराठी नोट्स का वाचत नाही?

नोट्स नागपुरात बर्डीवरच्या एखाद्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या असतील, तर आधी फॉन्ट बघा. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. मोबाईलवरचं टॉकबॅक किंवा कॉम्प्युटरवरचं एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर, तीच वाचतं, आणि त्या मुलीच्या कानावर निव्वळ गोंधळ पडतो. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्यात मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवली जातात. फॉन्ट कन्व्हर्टर फुकट मिळतात, फक्त जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला, तिथं हमखास चुका राहतात.

पानांचे फोटो काढून पीडीएफ केली असेल, तर तिच्यात वाचण्यासारखा मजकूरच नसतो. ती ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा. छापील मराठी बऱ्यापैकी ओळखलं जातं. हस्ताक्षर मात्र टाइपच करावं लागेल. तेवढे कष्ट घ्याच, कारण नोट्स नाहीत म्हणून तिनं दरवेळी मैत्रिणीला वाचून दाखवायला सांगावं, हे बरोबर नाही.

मथळे नुसते ठळक करू नका, हेडिंग स्टाइल लावा. मग तिला थेट हव्या त्या भागावर जाता येतं. आकृतीखाली दोन ओळींचं वर्णन द्या.

आणि पुस्तकं तिच्यासाठी वाचनीय स्वरूपात बदलायला घाबरू नका. कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीनं शिक्षणासाठी ती मुभा दिली आहे. पण बदलण्याआधी सुगम्य पुस्तकालय या अंधांसाठीच्या ऑनलाइन वाचनालयात शोधा, कदाचित पुस्तक तयारच मिळेल.