ठाण्यात सोसायटीच्या झाडावर घुबडांचं कुटुंब दिसतंय, त्रास न देता कसं बघावं? आणि ते अशुभ असतं का?

अशुभ वगैरे काही नाही. उलट उंदीर कमी होतील, सोसायटीचं भलंच आहे.

वर्णनावरून (मैनेएवढं, करड्या अंगावर पांढरे ठिपके, पिवळे डोळे) हा पिंगळा दिसतोय. ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात घरटं करतो, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. दिवेलागणीच्या अर्धा तास आधी गॅलरीत बसा. आधी एक जण ढोलीच्या तोंडाशी येतो, तुमच्याकडे टक लावून मान वर-खाली करतो, मग शेजारच्या फांदीवर सरकतो. थोड्या वेळाने जोडीदार, आणि मग दोघांचा चिर्र-चिर्र कलकलाट. रस्त्यावरच्या दिव्याखाली किडे टिपायला येतात, तेव्हा तर दुर्बीणही लागत नाही. झाडाखाली करड्या गोळ्या सापडतील. ती विष्ठा नव्हे, न पचलेलं उलटून टाकलेलं असतं. काडीने फोडून बघा, भुंगेऱ्यांची चमकदार कवचं आणि बारीक हाडं निघतात.

टॉर्च, फ्लॅश, मोबाइलवर आवाज लावणं नको. पिल्लू खाली दिसलं तरी लगेच उचलू नका. उडता येण्याआधीच ती बाहेर पडतात, आईबाप जवळच असतात. मांजराची भीती वाटली तर वरच्या फांदीवर ठेवा. जखमी असेल तरच वनखात्याला कळवा. घरी पाळायचा विचारही नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

एवढं बघून चटक लागली तर येऊरचं जंगल जवळच आहे. फक्त सकाळी लवकर जा, रविवारी तिथे पक्ष्यांपेक्षा माणसंच जास्त.