नावेतला ‘माझी’ कुणाचा?

प्रश्न असा आलाय : बंगाली नावाड्यांच्या गाण्यांना ‘भटियाली’ म्हणतात, तो शब्द भटकण्यावरून आला का? आणि नदीवरच्या सगळ्याच गाण्यांना तो चालतो का?

नाही आला. भटक्यांशी किंवा भटांशी या शब्दाचं काडीचंही नातं नाही. एका दिवाळी पहाटेला निवेदकाने ‘भटक्या जिवांची ही भटियाली’ असं म्हणून टाळ्या घेतल्या, तेव्हापासून हे खूळ मी निदान चार ठिकाणी ऐकलंय.

बंगालीत शब्द आहे ‘भाटियाली’. भाटा म्हणजे ओहोटी. हिंदीतल्या ज्वार-भाट्यातला तोच हा. भाटी म्हणजे पाणी उतरत जातं ती दिशा. आणि पूर्व बंगालातला सखल, पाणथळ मुलूख, तोही भाटीच : आज बांगलादेशात असलेला सुनामगंज, नेत्रकोणा, किशोरगंजचा पट्टा. हा मुलूख उरलेल्या बंगालपेक्षा खाली, म्हणून त्याचं नाव भाटी, असं अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनेच लिहून ठेवलंय. गाणं ओहोटीचं की भाटी मुलखाचं, यावर विद्वान भांडतात. भांडोत बापडे, पाणी उतरतं तिकडेच तो मुलूख आहे. नाव प्रवाहाला लागली की वल्ही मारायचे कष्ट नाहीत, सुकाणू धरलं की झालं. दम शाबूत राहतो, म्हणून सूर लांबतो आणि तालाची सक्ती उरत नाही. (उलट दिशेला ‘उजान’ म्हणतात. तो आला संस्कृत ‘उद्यान’वरून, म्हणजे वर जाणं. बागेचा नव्हे!)

हे झालं. खरी गंमत ‘माझी’ची आहे, आणि ती तुम्ही विचारलीच नाहीत.

त्याच निवेदकाने पुढे ‘ओ माझी’ या हाकेचा अर्थ ‘नदीला माझी म्हणणारा’ असा लावला. माझी म्हणजे नावाडी, हे सांगायला नको. पण निवेदकाचा कान का फसला ते बघा. ‘माझा’, ‘माझं’ म्हणताना आपला झ दंत्य असतो, म्हणजे जीभ दातांपाशी लागते. ‘माझी’त ई लागली की तोच तालव्य होतो, जीभ टाळूकडे जाते. बंगाली माझीतला झ तालव्यच. त्यामुळे मराठी कानाला दोन शब्द हुबेहूब एक वाटतात.

आणि एके काळी ते एक होतेही, निदान दिसायला. आपला ‘माझा’ प्राकृतातल्या ‘मज्झ’चा मुलगा, त्याच्या मागे संस्कृत ‘मह्यम्’. बंगाली ‘माझी’ हाही ‘मज्झ’चाच, पण त्याच्या मागे ‘मध्य’! मह्यम् आणि मध्य, दोन्ही झिजून मज्झ झाले. प्राकृत बोलणारा ‘मज्झ’ म्हणाला की ‘माझं’ की ‘मधलं’ हे संदर्भावरूनच ओळखायचं. दुसरा मज्झ आपण टाकून दिला म्हणता? माजघरात बसूनच म्हणत असाल. ज्ञानेश्वरीतलं ‘माझारीं’ म्हणजे मध्ये, तेही त्याच घरातलं. हिंदीची मझधार, बंगालीतली मध्यरात्र म्हणजे ‘माझरात’, सगळी भावंडं. (‘माजी मंत्री’तला माजी मात्र अरबी आहे, सरलेला काळ. त्याला या नावेत घेऊ नका.)

आता, नावाडी ‘मधला’ का? नावेच्या मधे बसतो म्हणून, असं सांगणाऱ्यांनी एकदा नावेत बसावं. सुकाणू मागच्या टोकाला असतं आणि माझी तिथेच असतो. मझधारेतून पार नेतो म्हणून माझी, ही दुसरी व्युत्पत्ती कवितेला बरी. व्युत्पत्तिकार आपल्याला ‘मध्य’पाशी आणून सोडतात आणि काठावरच हात झटकतात. माझं मत असं, की हा मधला म्हणजे मध्यस्थ, चारचौघांच्या मधोमध ज्याचा शब्द चालतो तो. संथाळ आदिवासींच्या गावाचा प्रमुख ‘मांझी’च म्हणवतो, आणि त्याच्या दारात नदी असलीच पाहिजे असं नाही. म्हणजे आधी माणसांचा पुढारी, मग नावेचा, मग कुणीही नावाडी. बंगालीत ‘माझी-माल्ला’ अशी जोडी आहे : माझी सुकाणूवर, माल्ला वल्ह्यावर. हुद्द्याचा फरक नसता तर दोन शब्द कशाला पाळले असते? कोकणात खलाशी आणि तांडेल यांत गल्लत करून बघा, तांडेलच सांगेल.

माल्ला अरबी ‘मल्लाह’चा. अरबीत ‘मिल्ह’ म्हणजे मीठ, म्हणून मल्लाह म्हणजे आपला खारवीच, ही जुळवाजुळव मोहक आहे, पण खोटी. तो शब्द प्राचीन इराकातल्या अक्कदी भाषेतल्या ‘मलाहू’मार्गे थेट तिथल्याच त्याहून जुन्या सुमेरी भाषेपर्यंत जातो, आणि तिथे ‘मा’ म्हणजे नाव. बंगालातल्या पद्मा नदीवर वल्हं मारणाऱ्याच्या नावात सुमेरी होडी आहे!

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. सगळी गाणी भाटियाली नव्हेत. शर्यतीत वल्ह्यांच्या ठेक्यावर सगळ्यांनी मिळून म्हणायची ती ‘सारी’. तिथे सूर लांबवत बसलात तर शर्यत गेलीच. उत्तरेकडे रंगपूर-कूचबिहारची ‘भवाइया’ गाडीवानांच्या तोंडची, ती बैलगाडीच्या वाटेवरची. आणि भाटियाली तरी नावाड्याचीच कुठे? भाटी मुलखातला गुराखीही ती गातो.

लिहिताना मात्र भ ला काना द्या.