दंडातली कांडी काढायची कधी, हे कोण ठरवणार?

प्रश्न: ताई, आठ महिन्यांपूर्वी मी दंडात तीन वर्षांचं गर्भनिरोधक इम्प्लांट बसवून घेतलं, तेव्हापासून पाळीचं काही खरं नाही, कधी वीस-वीस दिवस डाग तर कधी दोन महिने काहीच नाही. काढून द्या म्हटलं तर डॉक्टर म्हणतात, तीन वर्षं होऊ देत, आत्ताच काढलं तर वाया जाईल. सासूबाई म्हणतात आता मूलच होणार नाही. काय करू?

उत्तर: आधी सासूबाईंची भीती घालवूया. ही कांडी 4 सेंमी लांब, काडेपेटीतल्या काडीएवढी. तिच्यातून थोडं थोडं हार्मोन रक्तात जातं आणि बीज बाहेर पडणं थांबतं. कांडी काढली की हार्मोन काही दिवसांतच उतरतं आणि दिवस राहू शकतात, म्हणून मूल नको असेल तर काढल्या दिवसापासूनच दुसरं काहीतरी वापरायला लागा. साधन म्हणून ही कांडी खरंच चांगली आहे, वर्षभरात हजारात एखादीलाही दिवस जात नाहीत. पण पाळी बिघडणं हा तिचा सगळ्यात कॉमन त्रास, तो बसवायच्या आधीच तुम्हाला नीट सांगायला हवा होता.

डॉक्टरांचं म्हणणं मात्र मला अजिबात पटलेलं नाही. या साधनावरून जगभर जे वाद झाले ते बरेचसे कांडी बसवायची की काढायची हे कोण ठरवणार, याच्यावरूनच. याच्या आधी नॉरप्लांट नावाचं असंच इम्प्लांट होतं, सहा कांड्यांचं आणि पाच वर्षं चालणारं, अमेरिकेत डिसेंबर 1990 मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि महिन्याभराच्या आत कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशाने एका बाईला तुरुंगवासानंतरच्या प्रोबेशनची (म्हणजे देखरेखीखालच्या सुटकेची) अट म्हणून ते बसवायला सांगितलं! इंडोनेशियात तर काढून मागणाऱ्या बायकांना पाच वर्षं पूर्ण करा म्हणून परत पाठवल्याच्या तक्रारी होत्या. तीन वर्षं म्हणजे कांडी किती काळ चालते त्याचा हिशोब आहे, तुम्ही काही तेवढ्या वर्षांचा करार केलेला नाही. उद्या काढावीशी वाटली तरी कारण द्यायची गरज नाही.

डाग थांबायला गोळ्या असतात, त्या घेऊन बघायच्या असतील तर बघा, पण ते तुमच्या मर्जीने. रक्तस्राव फार होत असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी तपासून घ्या. काढायचंच ठरलं तर हे डॉक्टर नाही म्हणाले तरी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, जागेवर भूल देऊन छोटासा छेद घेतात, काही मिनिटांचं काम असतं. जाण्याआधी दंडाच्या आतल्या बाजूला बोटाने चाचपून बघा, कांडी लागते ना? लागत नसेल तर सोनोग्राफीत नेमकी जागा कळल्याशिवाय कुणालाही छेद घेऊ देऊ नका.