नव्या संगणकाला जोडलेली जुनी हार्ड डिस्क दिसत नाही, काय करावे?

नव्याने जुळवलेल्या संगणकात जुनी साटा (डिस्क मदरबोर्डला केबलने जोडण्याची एक पद्धत) हार्ड डिस्क दिसत नसेल, तर आधी वीज बंद करून ७ पिनांची डेटा केबल आणि पॉवर सप्लायकडून येणारी १५ पिनांची रुंद केबल, दोन्ही घट्ट बसल्या आहेत का ते पाहावे. काही मदरबोर्डांवर एम.२ स्लॉटमध्ये (पट्टीसारखी डिस्क थेट बोर्डावर बसवण्याची खाच) एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली की एखाददुसरे साटा पोर्ट आपोआप बंद होते (मॅन्युअलमध्ये हे बारीक अक्षरांत असते), म्हणून केबल दुसऱ्या पोर्टला लावून पाहावी. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना विंडोजच्या आधी उघडता येणारी सेटिंग्ज) डिस्क दिसते पण विंडोजमध्ये नाही, असे असल्यास विंडोजमधलेच ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून तिला ड्राइव्हचे अक्षर (उदा. D:) द्यावे. मात्र तेथे ‘इनिशियलाइज’ (डिस्क कोरी समजून नव्याने तयार करणे) करण्याविषयी विचारणा झाली आणि जुने फोटो, कागदपत्रे हवी असतील, तर होकार मुळीच देऊ नये.